घरोघरचे प्रश्न : चाळणीची शाळा

विदर्भांतील एका वाचक भगिनींचें सविस्तर पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. पत्र कागदावरचें आहे, आणि त्यांतील तक्रार मात्र कागदाविना येणाऱ्या पत्रांविषयीं आहे. घरांत तीन पिढ्यांचीं मिळून अकरा माणसें. धाकट्या दिरांना यंत्रविद्येचा नाद. त्यांनीं घराण्याच्या नांवानें इंटरनेटवर एक स्थान विकत घेऊन लहानमोठ्या सर्वांस ई-मेलच्या पेट्या करून दिल्या, आणि नको तीं पत्रें अडविण्यासाठीं दाराशीं एक चाळणीही बसविली. दोन वर्षें सर्व सुरळीत चाललें. यंदा थोरल्या सूनबाईंनीं एका महाविद्यालयांत अध्यापिकेच्या जागेसाठीं अर्ज केला. मुलाखतीचें बोलावणें वेळेवर आलें. परंतु चाळणीनें त्यास रद्दी ठरवून बाजूच्या कप्प्यांत टाकलें. तें अकराव्या दिवशीं सांपडलें. मुलाखत नवव्या दिवशीं होऊन गेली होती.

तेव्हांपासून घरांत दोन पक्ष झाले आहेत. मामंजी म्हणतात, चाळणी काढून टाका. शंभर भिकारी दारांत आले तरी चालतील, पण एक अतिथि विन्मुख जातां कामा नये. दीर म्हणतात, चाळणी मूर्ख नाहीं, अशिक्षित आहे. पेट्यांमध्यें आजवर येऊन पडलेलीं जीं हजारों पत्रें आहेत, तींच तिला दाखवून शिकवितां येईल. सूनबाई कांहींच बोलत नाहींत. पत्र लिहिणाऱ्या बाईंचा प्रश्न असा कीं, ही शिकवणी खरी, कीं दिरांची वेळ मारून नेण्याची युक्ति? आणि खरी असल्यास ती कोणी व कशी करावी?

शिकवणी खरी आहे. शिकविण्याचा धंदा आम्हीं आयुष्यभर केला असल्यामुळें या विद्यार्थिनीविषयीं आम्हांस थोडें ममत्वही वाटतें. मात्र तिला कसें शिकवावें हें समजण्यास ती कशी शिकते हें आधीं पाहिलें पाहिजे. नाहींतर शिकवितां शिकवितां बिघडविण्याचाच संभव अधिक.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. न मागितलेलें जाहिरातीचें पत्र एकाच वेळीं शेंकडों लोकांस धाडण्याचा पहिला प्रसिद्ध प्रकार १९७८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत घडला. संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्यानें त्या काळच्या आर्पानेट नांवाच्या जाळ्यावरील सुमारें ४०० लोकांस आपल्या नव्या यंत्रांचें प्रदर्शन पाहण्याचें आमंत्रण पाठविलें. लोक संतापले. पुढें अशा पत्रांना ‘स्पॅम’ हें नांव पडलें. स्पॅम म्हणजे वस्तुतः १९३७ पासून अमेरिकेंत डब्यांतून विकलें जाणारें डुकराचें मांस! १९७० सालीं इंग्लंडांतील माँटी पायथन या विनोदी मंडळीनें एक प्रहसन केलें. त्यांतील उपाहारगृहांत जो पदार्थ मागावा त्यांत हें स्पॅम असावयाचेंच, आणि दुसरें कांहीं ऐकूं येऊं नये इतका त्या शब्दाचा घोष चालावयाचा. त्यावरून हें नामकरण झालें. आतां गंमत अशी कीं, स्पॅमच्या उलट जें चांगलें पत्र, त्यास या विद्येंतील लोक ‘हॅम’ म्हणतात. तेंही डुकराचेंच मांस. आमच्या वाचकांपैकीं सोवळ्याच्या घरांत ही परिभाषा चालावयाची नाहीं. आम्ही येथें ‘रद्दी’ आणि ‘कामाचें’ एवढेच दोन शब्द वापरणार आहों.

पहिल्या पहिल्या चाळण्या हुकुमाच्या ताबेदार होत्या. ‘लॉटरी’ हा शब्द दिसला कीं अडवा, ‘फुकट’ दिसला कीं अडवा, असे नियम मनुष्यानें लिहून ठेवावयाचे आणि चाळणीनें ते पाळावयाचे. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी जसा प्रश्नाची भाषा थोडी बदलली कीं गोंधळतो, तशीच या चाळण्यांची गत होई. रद्दी धाडणारा ‘फुकट’ या शब्दाच्या मध्यें एक टिंब घाली आणि बिनदिक्कत आंत येई. उलट, मुलानें आईस ‘येथें ग्रंथालयांत पुस्तकें फुकट मिळतात’ असें लिहिलें कीं तें पत्र अडे. नियम वाढवीत गेलें तर अपवादही वाढत जातात, हें व्याकरण शिकविणाऱ्यास सांगावयास नको.

दुसरा मार्ग उदाहरणांचा. चाळणीस एकही नियम सांगावयाचा नाहीं. हीं पहा रद्दी पत्रें, हीं पहा कामाचीं; कोणता शब्द कोठें किती वेळां येतो तें तूंच मोज, एवढेंच सांगावयाचें. या मोजणीमागचें गणित थॉमस बेज नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आहे. तो १७६१ सालीं वारला. त्याच्या कागदांत सांपडलेला निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानें लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला आणि तो १७६३ मध्यें छापून निघाला. एखादी खूण दिसल्यावर तिच्यामागील कारणाविषयींचा आपला अंदाज किती बदलावा, हा त्याचा विषय. रद्दी पत्रांवर या गणिताचा प्रयोग करणारे निबंध १९९८ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि २००२ च्या ऑगस्टमध्यें पॉल ग्रॅहॅम या अमेरिकन गृहस्थानें लिहिलेल्या एका लेखानें ती पद्धति सर्वतोमुखी केली.

ज्यांनीं तर्कशास्त्राचीं प्रथम पुस्तकें वाचलीं आहेत त्यांस हा मार्ग ओळखीचा वाटेल. धूर पाहून अग्नीचें अनुमान करावयाचें तर धूर आणि अग्नि यांचें साहचर्य आधीं वारंवार पाहिलेलें असलें पाहिजे; स्वयंपाकघरांत पाहिलें, यज्ञशाळेंत पाहिलें, आणि तळ्यावर अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं हें पाहिलें. यासच आपले नैयायिक भूयोदर्शन म्हणतात. येथें दोन्ही बाजूंचीं उदाहरणें लागतात, हें विसरूं नये. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही. भेद इतकाच कीं, नैयायिकास व्याप्ति अव्यभिचारी हवी. एक अपवाद सांपडला कीं हेतु दुष्ट ठरला. बेजच्या पंथाचा मनुष्य अपवादास भीत नाहीं. तो म्हणतो, शंभरांत किती वेळां, तेवढें सांगा; मी त्या प्रमाणांत विश्वास ठेवतों.

आंकडे घेऊन पाहूं. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत. समजा, चाळणीस ४०० रद्दी पत्रें आणि ४०० कामाचीं पत्रें दाखविलीं. ‘लॉटरी’ हा शब्द १२० रद्दी पत्रांत आणि २ कामाच्या पत्रांत आढळला. म्हणजे हा शब्द दिसल्यास पत्र रद्दी असण्याचा संभव ६० स १. उलट ‘मावशी’ हा शब्द ६० कामाच्या पत्रांत आणि १ रद्दी पत्रांत आढळला. म्हणजे कामाचें असण्याचा संभव ६० स १. आतां एका भाचीनें लिहिलें, ‘मावशी, येथें कचेरींत गंमत म्हणून लॉटरी काढली, आणि मला छत्री लागली.’ दोन्ही शब्द एकमेकांस तोलून धरतात. पारडें मध्यें थांबतें. मग ‘छत्री’ काय म्हणते, ‘कचेरी’ काय म्हणते, पत्र कोणत्या वाटेनें आलें, या इतर खुणांवर निकाल लागतो. एका शब्दावरून कोणासही फांशीं द्यावयाचें नाहीं, ही या पद्धतीची खरी सभ्यता होय.

ग्रॅहॅमनें सुमारें ४,००० रद्दी आणि तितक्याच कामाच्या पत्रांवर आपली चाळणी शिकविली. प्रत्येक नव्या पत्रांतील सर्वांत बोलक्या अशा १५ खुणा घेऊन तो निकाल करी. त्याची एक योजना आम्हांस विशेष आवडली. कामाच्या पत्रांत आलेला शब्द तो दुप्पट मोजी. आमच्या वरच्या उदाहरणांत मग ‘लॉटरी’चें प्रमाण ६० वरून ३० वर येतें आणि ‘मावशी’चें वजन वाढतें, पारडें तीन पटींहून अधिक भाचीच्या बाजूला झुकतें. असें कां करावयाचें? कारण दोन चुका सारख्या नव्हेत. रद्दी पत्र आंत आलें तर तें पुसून टाकण्यास एक क्षण लागतो; कामाचें पत्र बाहेर राहिलें तर सूनबाईंची मुलाखत जाते. मामंजींचें अतिथीविषयींचें म्हणणें आणि या अमेरिकन गृहस्थाचें दुप्पट मोजणें यांत तत्त्वतः फरक नाहीं, हें बाईंनीं त्यांस अवश्य सांगावें. आणखी एक मौज. ग्रॅहॅमच्या चाळणीनें आपण होऊन शोधून काढलें कीं, अक्षरांचा भडक लाल रंग दाखविणारा संगणकी संकेत ही रद्दीची अश्लील शब्दांइतकीच पक्की खूण आहे. हा नियम कोणा मनुष्यास सुचला नसता.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आधींच येऊन पडलेलीं पत्रें शिकवणीस वापरावयाचीं तीं कशीं?

दिरांनीं बसविलेली चाळणी स्पॅमअ‍ॅसॅसिन जातीची असावी असें पत्रांतील वर्णनावरून दिसतें. ती २००१ पासून प्रचारांत आहे, कोणासही विनामूल्य मिळते, आणि तिला जुनीं पत्रें दाखविण्याची निराळी सोय आहे. ती पत्रास अनेक कसोट्यांवर गुण देते. बेरीज ५ झाली कीं पत्र रद्दी. शब्दमोजणीची कसोटी ही त्या अनेकांतील एक. पण निदान २०० रद्दी आणि २०० कामाचीं पत्रें शिकल्याशिवाय ती कसोटी तोंडच उघडीत नाहीं. मौन सोडण्यापूर्वीं इतका अभ्यास करणारे विद्यार्थी आम्हांस फार भेटले नाहींत. पुष्कळ घरीं चूक येथेंच होते. लोक रागानें रद्दी पत्रें तेवढीं दाखवितात आणि कामाचीं दाखविण्याचा कंटाळा करतात. मग १,००० रद्दी शिकूनही ती गप्पच राहते, आणि घरचे म्हणतात, इतकें शिकविलें तरी उपयोग नाहीं. ज्या मुलास फक्त चुकीचीं उदाहरणें दाखविलीं, त्यानें बरोबर कशास म्हणावें?

ही चाळणी कांहींसें स्वाध्यायानेंही शिकते. ज्या पत्राचे गुण १२ किंवा अधिक, तें निःसंशय रद्दी म्हणून, आणि ज्याचे जवळजवळ शून्य, तें निःसंशय कामाचें म्हणून, तिच्या वहींत आपोआप नोंदलें जाऊं शकतें. परंतु सूनबाईंच्या पत्रासारखीं जीं सीमेवरचीं, त्यांपासून ती आपण होऊन कांहीं शिकत नाहीं. गुरूची गरज आहे ती येथें. म्हणून येऊन पडलेल्या पत्रांतून निवड करतांना हीं सीमेवरचीं पत्रें पहिल्यानें घ्यावीं : रद्दीच्या कप्प्यांत चुकून गेलेलीं कामाचीं, आणि इनबॉक्समध्यें घुसलेली रद्दी.

इनबॉक्स सरसकट ‘कामाचा’ म्हणून दाखवूं नये. त्यांत न उघडलेलीं पत्रें असतात. त्यांपैकीं कित्येक चाळणीच्या हातून निसटलेली रद्दीच असते. तीं कामाचीं म्हणून शिकविलीं तर आपण तिच्या चुकीवर गुरूची मोहोर उठविली असें होईल. जीं पत्रें उघडून वाचलीं आणि वाचून ठेवून दिलीं, तींच निर्धास्तपणें दाखवावीं. दिरांच्या सर्व्हरवर पत्रें बहुधा अशा रीतीनें ठेवलेलीं असतील कीं, न पाहिलेलीं एका पोटकप्प्यांत आणि पाहिलेलीं दुसऱ्यांत. मग निवड सोपी आहे. पुसलेल्या पत्रांचा कप्पा तर मुळींच घेऊं नये. तेथें लॉटरीवाला आणि वाचून झालेलें आत्याबाईंचें पत्र शेजारीं शेजारीं निजलेलीं असतात.

दुसरी सावधगिरी काळाची, आणि ही शिकल्यासवरल्या लोकांच्याही लक्षांत येत नाहीं. समजा, दिरांनीं पांच वर्षांपूर्वींची सांठविलेली रद्दी कोठून तरी पैदा केली आणि कामाचीं पत्रें मात्र यंदाचीं घेतलीं. चाळणी काय शिकेल? पत्राच्या माथ्यावरील तारखेंत जुनें साल असेल तर रद्दी, नवें असेल तर कामाचें! परीक्षेंत ती आपली हुशारी दाखवील, आणि उद्यां येणारी प्रत्येक रद्दी, तिच्यावर नवें साल आहे म्हणून, सन्मानानें आंत घेईल. न्यायशास्त्रांत यास उपाधि म्हणतात. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणणारा ओल्या सर्पणास विसरतो. धुराचें खरें कारण सर्पणाची ओल. येथें साल ही ती ओल होय. दोन्ही प्रकारचीं पत्रें एकाच काळांतील, शक्य तर गेल्या कांहीं महिन्यांतील, एकाच पेटीवर आलेलीं आणि संख्येनें फार विषम नसलेलीं घ्यावीं. दुसऱ्याच्या घरची रद्दी उसनी आणूं नये. शेअरबाजारांत वावरणाऱ्या कुटुंबांत ‘भागभांडवल’ हा कामाचा शब्द, आणि भिक्षुकाच्या घरीं तोच संशयास्पद.

तिसरी गोष्ट. घरांतील वडील मंडळी बहुधा असें करतात कीं, आलेलें रद्दी पत्र दिरांकडे पुढें पाठवून देतात, ‘हें पाहा, आणखी एक आलें’ म्हणून. या पुढें पाठविलेल्या पत्राचा शिकवणीस उपयोग तर नाहींच, उलट अपाय आहे. ई-मेलच्या माथ्यावर तें कोठून निघालें आणि कोणत्या सर्व्हरांवरून आलें याच्या ओळी असतात. टपालाच्या पाकिटावरील गांवोगांवचे शिक्केच म्हणाना. बँकेच्या नांवानें आलेलें खोटें पत्र शब्दांनीं खऱ्यासारखेंच असतें. फरक या शिक्क्यांत असतो. पुढें पाठवितांना जुनें पाकीट गळून पडतें आणि मामंजींचें पाकीट त्यास चढतें. मग चाळणी शिकते ती मामंजींचे शिक्के रद्दीचे म्हणून! पत्र पुढें पाठवूं नये. आपल्याच पेटींत ‘शिकवणी-रद्दी’ आणि ‘शिकवणी-कामाचें’ असे दोन कप्पे करून त्यांत उचलून ठेवावें. दिरांच्या यंत्रानें रात्रीं ते कप्पे वाचावे.

वाचतांना कोणाच्या वहींत लिहिलें जातें तेंही दिरांनीं एकदां तपासावें. चाळणी प्रत्येक पेटीची वही निराळी ठेवूं शकते. शिकवणी एकाच्या वहींत आणि परीक्षेच्या वेळीं उघडली दुसऱ्याची कोरी वही, असा घोटाळा या चाळणीच्या बाबतींत फार वेळां होतो. आणि मग विद्यार्थिनीस ठोंब ठरवितात. एकच पत्र चुकून दोनदां दाखविलें तर भिण्याचें कारण नाहीं. शिकलेलें पत्र ती ओळखते आणि दुसऱ्यांदां मोजीत नाहीं. पूर्वीं रद्दी म्हणून शिकलेलें पत्र आतां कामाचें म्हणून दाखविलें तर आधींची नोंद पुसून नवी करते. पाठ विसरून पुन्हां शिकण्याची ही तयारी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांत असती तर आमचे केस इतक्या लवकर पिकले नसते.

बाईंनीं एक संकोचाची शंका लिहिली आहे. सुनांचीं पत्रें शिकवणीस दिलीं तर तीं दिरांनीं वाचावयाचीं काय? मुळींच नाहीं. निवड ज्याची त्यानें आपल्या पेटींत करावी. पुढचें काम यंत्राचें. चाळणीच्या वहींत पत्र उतरत नाहीं, शब्दांची मोजदाद उतरते. आणि स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या वहींत तर शब्दही मूळ रूपांत नसून सांकेतिक रूपांत असतात. माहेरच्या पत्रांत काय लिहिलें होतें हें ती वही चाळून कोणास कळणार नाहीं.

मराठी पत्रांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. चाळणीस व्याकरण येत नाहीं. ‘मावशी’, ‘मावशीला’, ‘मावशीकडून’ हे तिच्या दृष्टीनें तीन निरनिराळे शब्द. विभक्तिप्रत्यय ती सोडवीत नाहीं. म्हणून इंग्रजीपेक्षां मराठीस उदाहरणें अधिक लागतात. घरांत मराठी पत्रें आणि नोकरीचीं इंग्रजी पत्रें असे दोन प्रवाह असतील तर कामाच्या कप्प्यांत दोन्हीही पुरेशीं गेलीं पाहिजेत. सूनबाईंच्या पेटींत बहुतेक कामाचीं पत्रें मराठी आणि बहुतेक रद्दी इंग्रजी असली, तर महाविद्यालयाचें इंग्रजी बोलावणें केवळ भाषेमुळेंच संशयास पात्र झालें असेल. हाही पुन्हां उपाधीचाच प्रकार.

आणि आतां एकत्र कुटुंबाचा खास प्रश्न, ज्याबद्दल बाईंनीं जातां जातां एकच ओळ लिहिली आहे. त्यांचे एक चुलतसासरे रोज पहाटे फुलांच्या चित्रासह सुप्रभात आणि एक सुविचार सर्व अकरा पेट्यांस पाठवितात. धाकट्या मुलांनीं तीं पत्रें बिनबोभाट रद्दीच्या कप्प्यांत टाकण्याचा सपाटा लावला आहे. बाईंनीं हें गमतीनें लिहिलें. आम्हांस तें गमतीचें वाटलें नाहीं. चुलतसासऱ्यांचें आडनांव तेंच सर्वांचें आडनांव. घराण्याचें स्थान तेंच. पत्राच्या माथ्यावरचे शिक्के तेच. वही सर्वांची एक असेल तर रोज सकाळीं मुलें चाळणीस शिकवितात कीं, आपलें आडनांव हें रद्दीचें लक्षण आहे. आणि सूनबाईंस आलेल्या बोलावण्यांत, ‘सौ.’च्या पुढें, तें आडनांव असणारच!

म्हणून नको असलेलें आणि रद्दी यांत भेद केला पाहिजे. रद्दी म्हणजे जें अनोळखी माणसानें, न विचारतां, हजारोंस एकाच वेळीं पाठविलें तें. काकांचें सुप्रभात कंटाळवाणें असेल. तें रद्दी नव्हे. ज्या दुकानाचें वार्तापत्र आपण होऊन मागविलें आणि आतां नको झालें, तेंही रद्दी नव्हे. तेथें नांव कमी करण्याची विनंती करावी. काकांच्या पत्रांसाठीं दिरांनीं एक साधा नियम करून तीं ‘सुप्रभात’ नांवाच्या कप्प्यांत परभारें जाऊं द्यावीं. काकांस यांतलें कांहीं सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं स्वतःची चाळणी नसून गूगलसारख्या कंपनीची पेटी असते. तेथें वही आपल्या हातीं नाहीं. त्या कंपनीनें आपल्या चाळणींत मेंदूच्या रचनेवर बेतलेलीं गणितें वापरीत असल्याचें २०१५ सालीं जाहीर केलें. त्यांत केवळ शब्दमोजणी नाहीं. पण ‘स्पॅम’ आणि ‘स्पॅम नाहीं’ हीं दोन बटणें तेथेंही गुरूचें काम करतात. तीं वापरावींत. जीमेलच्या रद्दीच्या कप्प्यांतील पत्रें ३० दिवसांनीं आपोआप नष्ट होतात, हें मात्र घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें; महिन्यांतून एकदां पाहूं म्हणणाऱ्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. थंडरबर्डसारखा कार्यक्रम वापरणाऱ्यांनीं त्यास रद्दीबरोबर कामाचीं पत्रेंही ओळखून द्यावींत. तो शब्दमोजणीच्याच पंथाचा आहे.

शिकवणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या दिवशीं शिकविलें त्या दिवसापासून पुढें येणाऱ्या पत्रांस तिचा उपयोग. मागें पडलेलीं पत्रें ती आपण होऊन उचलून इकडची तिकडे करीत नाहीं. रद्दी धाडणारेही स्वस्थ बसत नाहींत. पत्राच्या शेवटीं गोष्टीच्या पुस्तकांतील निर्दोष वाक्यें जोडून चाळणीस भुलविण्याची त्यांची युक्ति जुनी आहे. अशीं पत्रेंही शिकवणींतून वगळूं नयेत. जो शब्द दोन्हीकडे सारखा येतो तो हळूहळू मध्यस्थ होतो आणि निकालांत बोलत नाहीं. बाकीच्या खुणा उरतात. रद्दीचा वेष बदलत असल्यामुळें शिकवणी एकदांच करून भागत नाहीं. आठवड्यांतून एकदां, रविवारीं दुपारीं म्हणा, ज्यानें त्यानें आपले दोन कप्पे भरावे. दहा मिनिटांचें काम आहे.

राहिला सूनबाईंच्या त्या एका पत्राचा प्रश्न. दिरांनीं कांहींही शिकविण्यापूर्वीं तें पत्र उघडून त्याचा माथा वाचावा. कोणत्या कसोटीनें किती गुण दिले हें चाळणीनें तेथें लिहून ठेवलेलें असतें. शब्दमोजणीमुळें गुण वाढले असतील तर वर सांगितलेली शिकवणी हाच उपाय, आणि त्याची सुरुवात याच पत्रापासून करावी. चाळणी आपलाच शिक्का शिकतांना वगळते, तेव्हां त्याची भीति नको. परंतु महाविद्यालयाचा सर्व्हर नीट बांधलेला नसेल, किंवा बदनाम पत्त्यांच्या यादींत त्याचें नांव गेलें असेल, तर गुण त्यामुळें चढले असतील, आणि तेथें शिकवणीचा उपयोग थोडा. त्या वेळीं महाविद्यालयाचा पत्ता स्वागतयादींत घालावा. ज्या ज्या ठिकाणीं अर्ज केला असेल त्या त्या ठिकाणचा पत्ता अर्जाच्या दिवशींच त्या यादींत घातला गेला पाहिजे, आणि उत्तराची वाट असेतोंपर्यंत सूनबाईंनीं रद्दीचा कप्पा रोज संध्याकाळीं स्वतः पाहावा. मामंजींस चाळणी काढावयाची असेल तर निदान त्यांच्या पेटीपुरती काढून द्यावी. आठ दिवसांनीं काय म्हणतात तें आम्हांस कळवावें.

महाविद्यालयास आतां लिहून उपयोग आहे काय, असें बाई विचारतात. लिहावें. पत्र सूनबाईंनीं स्वतःच्या नांवानें लिहावें, घरांतील पुरुषांनीं नव्हे. बोलावणें कोणत्या तारखेस आलें, कोठें अडकलें आणि कोणत्या दिवशीं सांपडलें हें तीन ओळींत मांडावें, आणि जागा अद्याप भरली नसल्यास पुन्हां भेटीची संधि मागावी. तें पत्र मात्र टपालानें, पोंच मागवून पाठवावें. त्यांच्या दाराशीं कोणती चाळणी बसली आहे, तें आपणांस ठाऊक नाहीं.